विरघळलेले मीठ वीज वाहून नेते, साखर का नेत नाही?

उच्च प्राथमिक वर्गांना विज्ञान शिकविताना ‘पाणी हे विजेचे सुवाहक आहे’ असे वाक्य पुष्कळ शाळांतून फळ्यावर लिहिले जाते. मुलांनी ओल्या हातांनी विजेच्या बटणास स्पर्श करू नये, एवढ्यापुरते हे वाक्य उपयोगी आहे. परंतु शास्त्रदृष्ट्या ते अपुरे आहे, आणि या अपुरेपणातून दोन अडचणी उद्भवतात. पहिली वर्गातील. शिक्षक विहिरीचे पाणी घेऊन त्यात साखर विरघळवितात, दिवा लागतो, आणि साखर विजेची वाहक आहे असा चुकीचा निष्कर्ष मुलांच्या वहीत जातो. दुसरी अडचण गावातील. पाण्याची परीक्षा करून दाखविण्याच्या निमित्ताने कोणी विक्रेता गावात येतो, तारा जोडून पाणी गढूळ करून दाखवितो, आणि ‘हे विष तुम्ही पिता’ असे सांगून लोकांस घाबरवितो. अशा वेळी गावकरी शिक्षकाकडेच विचारणा करतात. यास्तव हा विषय मुळापासून समजून घेणे आपणा सर्वांस अगत्याचे आहे.

१. प्रयोगाची सिद्धता

या पाठास लागणारी साधने अल्प खर्चाची आहेत. नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी, अथवा दीड व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक जोडून, एक लाल रंगाचा एलईडी दिवा, त्याच्या रक्षणासाठी ४७० ओहमचा एक रोधक, जोडणीच्या तारा, आणि दोन्ही टोकांस तासलेल्या दोन पेन्सिली. पेन्सिलीतील शिसे म्हणून ज्यास आपण ओळखतो ते वस्तुतः ग्रॅफाइट असून विजेचे वाहक आहे. पेन्सिलींची वरची टोके तारांनी मंडलात जोडावी व खालची टोके पेल्यातील द्रावणात एकमेकींपासून सुमारे दोन सेंटिमीटर अंतरावर ठेवावी. काही शिक्षक एलईडीच्या जागी विजेरीचा तारेचा दिवा घेतात. त्या दिव्यास प्रवाह पुष्कळ लागत असल्याने सौम्य द्रावणात तो पेटत नाही, आणि द्रावण अवाहक आहे असा खोटा भास होतो. म्हणून एलईडीच घ्यावा. त्याचे लांब पाय बॅटरीच्या धन टोकाकडे असावे, नाही तर तो मुळीच लागणार नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाण्याची. या प्रयोगास नळाचे, हातपंपाचे वा विहिरीचे पाणी चालत नाही. मोटार गाड्यांच्या बॅटरीत घालण्यासाठी जे डिस्टिल्ड वॉटर गॅरेजात व पेट्रोल पंपावर विकत मिळते, ते वापरावे. बॅटरीचे आम्ल मात्र चुकूनही आणू नये. बाटलीवरील नाव वाचूनच घ्यावे. पावसाळ्यात छपरावरून न आलेले, मोकळ्या आकाशाखाली स्वच्छ पातेल्यात धरलेले पावसाचे पाणीही चालते. पेले व चमचा याच पाण्याने विसळून घ्यावे.

२. मुलांनी काय पाहावे

प्रथम नुसत्या पाण्यात पेन्सिली बुडवाव्या. दिवा लागत नाही. शुद्ध पाणी हे विजेचे जवळजवळ दुर्वाहकच आहे, हा पहिला धडा. आता त्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळावे. दिवा तत्काळ लागतो, आणि मीठ वाढवावे तसा अधिक तेजस्वी होतो. दुसऱ्या पेल्यात त्याच पाण्यात चमचाभर साखर विरघळवावी. दिवा लागत नाही. आणखी चार चमचे घातले तरी लागत नाही.

यानंतर मुलांच्या घरचेच पदार्थ घ्यावे. तुरटी, खाण्याचा सोडा व मोरचूद यांच्या द्रावणांत दिवा लागतो. लिंबाच्या रसाचे दोन-चार थेंब टाकल्यास मंद लागतो. शेतकऱ्यांची मुले असतील तेथे युरियाचे द्रावण अवश्य करावे. युरिया पाण्यात अतिशय चांगला विरघळतो, दिसावयासही मिठासारखा पांढरा. परंतु त्याच्या ताज्या द्रावणात दिवा पेटत नाही, फार तर अंधारात मिणमिणता भास होतो. त्याच पेल्यात पोटॅशच्या खताचे चार खडे टाकले की दिवा स्वच्छ उजळतो. दोन्ही खतेच, दोन्ही विरघळणारी. मग हा भेद कशाने? येथे मुलांस क्षणभर विचार करू द्यावा. उत्तर लगेच सांगण्याची घाई करू नये.

गुळाविषयी एक सूचना. साखर व गूळ एकच, असे समजून काही जण गूळ वापरतात. गुळात उसाच्या रसातील पोटॅशियमादी क्षार शिल्लक राहिलेले असतात. त्यामुळे गुळाच्या पाण्यात दिवा थोडाफार लागतो. वाहकता त्या क्षारांची आहे, गोडीची नव्हे.

३. कारणमीमांसा

धातूच्या तारेत विजेचा प्रवाह म्हणजे इलेक्ट्रॉनांचा प्रवाह होय. द्रावणात मात्र मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. तेथे वीज वाहून नेण्यासाठी विद्युतभारित कण हवेत आणि ते हिंडतेफिरते हवेत. या दोन अटी एकदम पूर्ण झाल्या तरच प्रवाह वाहतो. विद्युतभारित अणू अथवा अणुगट यांस आयन म्हणतात.

मिठाच्या खड्यात सोडियम व क्लोरीन यांचे अणू जोडीजोडीने बांधलेले असतात असा समज असतो. तो खरा नाही. सोडियमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन देऊन टाकलेला असतो व क्लोरीनच्या अणूने तो घेतलेला असतो. म्हणजे खड्यात आधीपासूनच सोडियमचे धन आयन व क्लोराइडचे ऋण आयन आळीपाळीने, जात्यावरच्या पाखरीप्रमाणे नव्हे, तर शाळेच्या कवायतीतील रांगांप्रमाणे बसलेले असतात. इंग्लंडमधील ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९१३ च्या सुमारास ही रचना उलगडली व १९१५ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. मग कोरडा मिठाचा खडा वीज का नेत नाही? आयन आहेत, पण त्यांस जागचे हलता येत नाही. दुसरी अट पुरी होत नाही. तोच खडा सुमारे ८०१ अंश सेल्सिअसला वितळला की आयन मोकळे होतात आणि पाण्यावाचूनही वीज वाहू लागते.

पाणी हेच काम खोलीच्या तापमानात करते. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण व दुसरी किंचित धन असते. सोडियमच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू आपली ऋण बाजू वळवून गोळा होतात, क्लोराइडभोवती धन बाजू वळवून. शिवाय पाण्यामध्ये दोन विरुद्ध भारांमधील आकर्षण निर्वातातील आकर्षणाच्या सुमारे ऐंशीव्या हिश्शावर येते. त्यामुळे आयन एकमेकांपासून सुटतात व पाण्यात स्वतंत्रपणे फिरू लागतात. पेन्सिली बॅटरीस जोडताच धन आयन ऋणाग्राकडे व ऋण आयन धनाग्राकडे सरकू लागतात. हेच द्रावणातील विजेचे वहन.

साखरेची गोष्ट निराळी. साखरेच्या रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ व ऑक्सिजनचे ११ अणू असतात, आणि ते इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने परस्परांशी जोडलेले असतात. साखर विरघळते तेव्हा खड्यातून अखंड रेणू सुटे होतात. रेणू स्वतः मोडत नाही. पाण्याचे रेणू त्याच्या कडेच्या ऑक्सिजन-हायड्रोजन गटांस आकर्षून घेतात म्हणून साखर पाण्यात मिसळते खरी, पण मिसळलेला प्रत्येक रेणू विद्युतदृष्ट्या उदासीनच राहतो. त्यास ना धनाग्र ओढते, ना ऋणाग्र. युरियाचे तसेच. येथे कण हिंडतेफिरते आहेत, पण भारित नाहीत. पहिलीच अट पुरी होत नाही. विरघळणे ही एक गोष्ट व आयन होणे ही दुसरी गोष्ट आहे, हे या पाठाचे सार होय.

४. आम्लांचा प्रकार

आम्लांविषयी हुशार मूल शंका काढील. हायड्रोजन क्लोराइड हा वायू रेणूंचाच बनलेला आहे, त्यात आयन नाहीत. तरी पाण्यात विरघळताच त्याचे द्रावण उत्तम वाहक होते. याचे कारण असे की तो पाण्यात केवळ मिसळत नाही, तर पाण्याशी क्रिया करतो. त्याचा हायड्रोजन आयन रूपाने पाण्याच्या रेणूकडे जातो व क्लोराइडचा आयन मागे राहतो. मीठ आपले आयन बरोबर घेऊन येते. आम्लाचे आयन पाण्यात तयार होतात. टोल्युइनसारख्या द्रवात हाच वायू विरघळविला असता द्रावण वीज नेत नाही, यावरून पाण्याचा वाटा स्पष्ट होतो.

सर्व आम्ले सारखी नाहीत. हायड्रोक्लोरिक आम्लाचे सौम्य द्रावणात जवळजवळ पूर्ण विचरण होते. लिंबातील सायट्रिक आम्लाचे वा व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लाचे थोडेच रेणू एका वेळी आयनरूपात असतात. व्हिनेगरात तर शंभरात एकाहूनही कमी. म्हणून दिवा मंद लागतो. शुद्ध पाण्याचेही अत्यल्प विचरण होतेच, पण २५ अंश सेल्सिअसला सुमारे पंचावन्न कोटी रेणूंत एक, इतके ते थोडे असते. आपला दिवा लागावयास ते पुरत नाही.

५. आयन आहेत, हे कशावरून?

‘गुरुजी, आयन दिसत नाहीत, मग ते आहेत कशावरून?’ असे मुलाने विचारले तर त्याचे कौतुक करावे. हाच प्रश्न एके काळी मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी विचारला होता. आयन हा शब्द मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये रूढ केला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘जाणारा’ असा आहे. परंतु हे कण प्रवाह सोडल्यामुळे निर्माण होतात, अशीच त्या काळी समजूत होती. स्वीडनमधील तरुण संशोधक स्वान्ते अऱ्हेनियस यांनी उप्साला विद्यापीठास १८८४ मध्ये या विषयावर प्रबंध सादर केला. तो कसाबसा, खालच्या श्रेणीत मान्य झाला. पुढे १८८७ मध्ये त्यांनी निश्चितपणे मांडले की द्रावणात आयन प्रवाहापूर्वीच सुटे असतात. बॅटरी त्यांस केवळ दिशा देते. याच सिद्धांतासाठी १९०३ मध्ये त्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

त्यांचा एक पुरावा विजेचा नव्हताच. पाण्यात काही विरघळविले की ते शून्य अंशाखाली गोठते, आणि किती खाली, हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरते. सौम्य द्रावणात साखरेचे व मिठाचे समान रेणुभार विरघळविले, तर मिठाचा परिणाम साखरेच्या जवळजवळ दुप्पट होतो. एकाच्या जागी दोन कण झाल्यावाचून असे घडणार नाही.

वर्गात दाखविण्याजोगा पुरावाही आहे. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात पेन्सिली बुडवून पाच-दहा मिनिटे ठेवाव्या. बॅटरीच्या ऋण टोकास जोडलेल्या पेन्सिलीवर तांब्याचा तांबूस थर चढतो, दुसरीवर चढत नाही. तांबे एकाच बाजूस गेले. अर्थी ते धनभारित होते. मोरचूद विषारी आहे. प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा व नंतर हात धुवावे.

येथे आणखी एक प्रश्न संभवतो. एका सेंटिमीटरास एक व्होल्ट या प्रमाणात दाब दिला तर सोडियमचा आयन तासास केवळ पावणेदोन सेंटिमीटर इतकाच सरकतो. मग दिवा तत्काळ कसा लागतो? कारण पेल्यातील सर्व आयन एकाच क्षणी चालू लागतात. प्रभातफेरी निघताना पुढच्या मुलाने पाऊल टाकताच मागचाही टाकतो. शेवटच्या मुलाने पुढे येईपर्यंत कोणी थांबत नाही.

६. आपल्या जिल्ह्यातील पाणी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची भूमी काळ्या बेसाल्ट खडकाची आहे. अजिंठा व वेरूळ येथील लेणी याच खडकात कोरलेली आहेत. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन या खडकाच्या फटींतून मुरते, तेव्हा कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम यांचे आयन आणि बायकार्बोनेट आपल्याबरोबर आणते. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणास फेस येत नाही व भांड्यास पांढरा थर बसतो, तो यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे. असे पाणी आधीच वाहक असल्याने त्यात साखर घातली तरी दिवा लागलेलाच दिसतो. म्हणून कोणताही पदार्थ टाकण्यापूर्वी नुसत्या पाण्याची परीक्षा करण्याचा नियम मुलांस लावावा. तुलनेवाचून केलेला प्रयोग हा प्रयोग नव्हे.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे याच खडकातील टोकाचे उदाहरण होय. उल्काघाताने झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातून पाण्यास बाहेर वाट नाही. वाफ उडून जाते, सोडियम, कार्बोनेट व क्लोराइड मागे साचतात. सरोवराचे पाणी खारट व अल्कधर्मी असल्याने विजेचे चांगले वाहक आहे.

शेतीतही हेच मोजमाप चालते. २०१५ पासून शेतकऱ्यांस मिळू लागलेल्या मृद आरोग्य पत्रिकेत ‘ई. सी.’ असा रकाना आहे, तो विद्युतवाहकतेचा. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता मीटरला ४ डेसिसीमेन्सपेक्षा अधिक झाली की ती जमीन क्षारयुक्त मानतात. निचऱ्यावाचून पाणी देत गेल्याने जमीन खारवटते, तेव्हा हा आकडा चढू लागतो. सातवीच्या मुलास आपल्या वडिलांची पत्रिका वाचून हा रकाना समजावून सांगता आला, तर पाठ सफल झाला असे समजावे.

७. मापक यंत्राची मर्यादा

पाण्यातील एकूण विरघळलेले घटक दाखविणारे, टीडीएस या नावाने ओळखले जाणारे पेनाएवढे यंत्र आता खेड्यांतही आले आहे. ते घटकांचे वजन करीत नाही. पाण्याची वाहकता मोजून तीस ठराविक अंकाने गुणिते व उत्तर दाखविते. यावरून त्याच्या मर्यादा आपोआप ध्यानी येतील. साखर त्यास दिसत नाही, युरिया दिसत नाही, आयन न होणारी कीटकनाशके दिसत नाहीत, आणि रोगजंतूही दिसत नाहीत. आकडा कमी आला म्हणून पाणी पिण्यास निर्धोक ठरत नाही. उलट जे आयन मोजले जातात त्यांतील बरे-वाईट ते ओळखीत नाही. भारतीय मानकाप्रमाणे विरघळलेल्या घटकांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, व दुसरा उद्भव नसल्यास २,००० मिलिग्रॅमपर्यंत आहे. फ्लुओराइडची मात्र १ मिलिग्रॅम व अगदीच निरुपाय असल्यास १.५. तीनशे आकडा दाखविणाऱ्या पाण्यात २ मिलिग्रॅम फ्लुओराइड असू शकते, आणि ते मुलांच्या दातांस व हाडांस अपाय करते. यासाठी प्रयोगशाळेतील परीक्षेस पर्याय नाही.

आता विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकाविषयी. तो दोन पेले घेतो, एकात गावचे पाणी व दुसऱ्यात यंत्रातून गाळलेले. दोहोंत लोखंडाच्या व ॲल्युमिनियमच्या कांड्या बुडवून वीज सोडतो. गावच्या पाण्यात तपकिरी, काळपट हिरवा साका जमतो. दुसरे स्वच्छ राहते. लोक भयभीत होतात. वस्तुतः साका पाण्यातील घाणीचा नसून कांडीच्या झिजलेल्या लोखंडाचा आहे. गावच्या पाण्यात आयन असल्याने प्रवाह वाहिला व लोखंड झिजले. गाळलेल्या पाण्यात आयन नसल्याने प्रवाहच वाहिला नाही. हे वर्गात दोन लोखंडी खिळे व आपली नऊ व्होल्टची बॅटरी घेऊन दाखविता येते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये खिळे बुडवून ठेवले तर काही घडत नाही. त्यात स्वयंपाकघरातील स्वच्छ मीठ चिमूटभर टाकावे. अर्ध्या तासात तेच पाणी गढूळ होते. मीठ काही विष नव्हे. मुले हे घरी जाऊन सांगतील, आणि एखाद्या कुटुंबाचे कष्टाचे पैसे वाचतील. पाण्यात क्षार वाजवीपेक्षा खरोखरच अधिक असतील तेथे गाळणयंत्राची गरज असू शकते. परंतु तो निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावरून व्हावा, भीतीवरून नव्हे.

८. सावधगिरी

या पाठातील कोणताही प्रयोग घरगुती २३० व्होल्टच्या विजेवर कदापि करू नये; तसे करणे जिवावर बेतेल, हे मुलांस स्पष्ट शब्दांत सांगावे. मिठाच्या द्रावणातून अल्प प्रमाणात क्लोरीन वायू निघतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या व प्रवाह एका मिनिटाहून अधिक काळ सोडू नये. खिळ्यांच्या प्रयोगात थोडा हायड्रोजन निघतो. तो पेला उघड्यावर ठेवावा व जवळपास आग नसावी. प्रयोगातील कोणतेही द्रावण चाखू नये.

शुद्ध पाणी दुर्वाहक आहे हे कळल्यावर एखादे मूल धीट होण्याचा संभव असतो. त्यास लगेच सांगावे की शुद्ध पाणी शेतावर व घरात कोठेही आढळत नाही. विहिरीच्या पाण्यात क्षार आहेत, आपल्या घामातही मीठ आहे, आणि ओली त्वचा कोरडीपेक्षा विजेस पुष्कळ सुलभ वाट देते. पंपाचा स्टार्टर ओल्या हाताने लावण्याने, भिजलेल्या केबलीस हात लावल्याने होणारे अपघात याच आयनांमुळे होतात. म्हणून फळ्यावरील जुने वाक्य पुसून त्या जागी असे लिहावे: ‘शुद्ध पाणी विजेचे दुर्वाहक आहे, परंतु आपल्या वापरातील प्रत्येक पाण्यात आयन असतात, म्हणून ते धोकादायक आहे.’

हा पाठ दोन तासिकांत विभागावा. पहिल्या तासिकेत फक्त प्रयोग व नोंदी. दुसऱ्या तासिकेत कारणे. प्रत्येक गटाकडून आपल्या घरच्या पाण्याचा एक पेला आणवून, कोणाच्या पाण्यात दिवा किती तेजस्वी लागतो याचा तक्ता करून घ्यावा आणि तो वर्गात लावावा. गावातील विहिरी, हातपंप व नळ यांची तुलना मुले स्वतः करतील, आणि पुढचे प्रश्न तीच विचारतील.